प्रमोटर सारखाच, तरी जनुकाची पातळी तिप्पट: कारण कुठे शोधावं?

रब्बी_सोलापूर:
मालदांडी (एम ३५-१) आणि बीटीएक्स ६२३ या ज्वारीच्या वाणांत पाण्याच्या ताणाचं एक जनुक तपासतोय. मालदांडीच्या पानात त्याचा आरएनए (जनुकावरून निघालेली नक्कल) तिप्पट आहे. प्रमोटरचे (जनुक चालू करणारा, त्याच्या लगेच आधीचा डीएनएचा पट्टा) १,५०० बेस, म्हणजे डीएनएची अक्षरं, मात्र दोन्हींत अक्षरशः सारखे. फरक येतो कुठून? दोघांचा एफ१ (पहिल्या पिढीचा संकर) इथेच कुंड्यांत वाढतोय.

पानदेठ:
एफ१ आहे ना, मग त्यालाच विचारा. त्याच्या पेशीत दोन्ही प्रती एकाच केंद्रकात, त्याच नियामक प्रथिनांच्या हाताखाली असतात. तिथेही मालदांडीची प्रत ३:१ निघाली, तर फरक त्या प्रतीला जोडलेल्या डीएनएत आहे (सिस). १:१ आली, तर नियामक दुसरीकडे बदललाय (ट्रान्स). मग एफ२ मध्ये (एफ१ च्या पुढच्या पिढीत) जागा शोधावी लागेल. अधलंमधलं आलं, तर दोन्ही. फक्त जनुकाच्या आरएनएत दोन्ही प्रती ओळखू येतील असा किमान एक एसएनपी (एका अक्षराचा फरक) हवा.

नमुने एकाच वाढीच्या टप्प्यावर, त्याच क्रमांकाच्या पानाचे, एकाच तासात घ्या आणि लगेच द्रव नायट्रोजनमध्ये टाका. सोलापूरच्या उन्हात सकाळी नऊचं आणि दुपारी बाराचं पान ताणाच्या जनुकांसाठी सारखं नसतंच. प्रत्येकी किमान ४ वेगळी झाडं घ्या. एकाच झाडाची चार पानं म्हणजे चार पुनरावृत्त्या नव्हेत. दोन्ही पालक वाण आणि एफ१ यांचा आरएनए एकाच दिवशी, नमुन्यांचा क्रम आलटूनपालटून काढा.

क्रम_वाचक:
एक सापळा आहे. ज्वारीचा संदर्भ जीनोम (ज्याच्याशी बाकीचे डीएनए-आरएनए जुळवून बघतात तो पूर्ण डीएनए) बीटीएक्स ६२३ चाच आहे. त्यामुळे मालदांडीचे रीड्स (यंत्राने वाचलेले छोटे तुकडे) कमी जुळतात आणि तिची प्रत उगाच कमी दिसते. संदर्भात एसएनपीच्या जागी एन (म्हणजे 'कुठलंही अक्षर') घालून जुळवा. त्याच एफ१ च्या जीनोमिक डीएनएवर हेच मोजा. तिथे १:१ आलंच पाहिजे. नाही आलं तर तो एसएनपी सोडा.

दूरचा_स्विच:
सिस निघालं तरी १,५०० बेसवर थांबू नका. मक्यात टीबी१ या (फांद्या रोखणाऱ्या) जनुकाची पातळी वाढवणारा हॉपस्कॉच ट्रान्सपोझॉन (जागा बदलणारा डीएनएचा तुकडा) जनुकाच्या सुमारे ६०,००० बेस आधी बसलाय. माणसात मोठेपणीही लॅक्टेज (दुधातली साखर पचवणारं प्रथिन) चालू ठेवणारा −१३९१० चा (जनुकाच्या १३,९१० बेस आधीचा) बदल तर शेजारच्या एमसीएम६ जनुकाच्या इंट्रॉनमध्ये (जनुकातला प्रथिन न बनवणारा भाग) सापडतो! आधी खुल्या क्रोमॅटिनसाठी (प्रथिनं पोचू शकतील असे डीएनएचे उघडे पट्टे) एटॅक-सीक ही चाचणी करा, मग त्या पट्ट्यांतले फरक बघा.

रब्बी_सोलापूर:
आभार. हीच तुलना पुढे मक्याशी करता येईल?

पानदेठ:
ज्वारी-मका एफ१ मिळत नाही, त्यामुळे सिस-ट्रान्स असं वेगळं काढता येणार नाही. शिवाय ज्वारीपासून फुटल्यावर मक्याचा अख्खा जीनोम दुप्पट झाला. तुमच्या एका जनुकाला तिथे दोन जोडीदार असू शकतात. एकच मोजलात तर पातळी घटल्याचा भास होईल.