मदत हवी आहे: सहमतीचा घटस्फोट, सहा महिन्यांची तारीख आणि दुसरं लग्न (नागपूर)

खामलेकरीण:
नमस्कार. वय ३४, सहा वर्षांची मुलगी आहे. नवरा-बायको वेगळे राहून पावणेतीन वर्षं झाली. राखीच्या आठवड्यात कुटुंब न्यायालयात दोघांनी मिळून अर्ज टाकला. समुपदेशन झालं. मुलगी माझ्याकडे राहणार, रक्कमही ठरली, निम्मा चेक मिळाला. तरी पुढची तारीख थेट फेब्रुवारीची दिली.

इकडे एक चांगलं स्थळ आलंय. त्यांना सगळं माहीत आहे. पण मुलाच्या वडिलांची तब्येत बरी नसते, म्हणून पौष लागण्याआधी लग्न व्हावं असं त्यांचं म्हणणं. आमची आत्या सांगते, निकालानंतर वर्षभर लग्न करताच येत नाही. वकीलसाहेब "बघू" म्हणतात. सगळे मलाच विचारून राहिले आणि मला काही सांगता येत नाही.

सहा महिने कमी होतात का? आणि निकालानंतर किती थांबायचं?

बर्डीवाला:
एवढं काय त्यात. सहमती आहेच ना, रामटेकला जाऊन हार घालून घ्या, कागद मागाहून येतील.

जुनी फाईल:
बर्डीवाले भाऊ, असले सल्ले देऊ नका. निकालाआधी केलेलं लग्न कायद्यानं शून्य, वर द्विविवाहाचा गुन्हा, सात वर्षांपर्यंत शिक्षा. आणि सहमतीच्या अर्जात निकाल लागेपर्यंत समोरच्याला संमती मागे घेता येते. तेव्हा त्याच्या हाती असं कोलीत कशाला द्यायचं?

ताई, आता तुमचं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब मध्ये दोन मुदती आहेत. अर्जाआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं, आणि अर्जानंतर सहा महिने थांबून, १८ महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा येऊन संमती सांगावी. यातले सहा महिने न्यायालय माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१७ मध्ये अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर प्रकरणात सांगितलं. त्यात पाहतात ते हे: अर्ज टाकतानाच एक वर्ष अधिक सहा महिने असे दीड वर्ष उलटलेले असावेत, समेटाचे प्रयत्न खरोखर करून फसलेले असावेत, आणि पोटगी, मूल, बाकी देणंघेणं मिटलेलं असावं. तुमचं पावणेतीन वर्षं म्हणजे पहिली अट सहज पार. पहिल्या तारखेनंतर आठवड्यानं माफीचा अर्ज करता येतो, तुम्हाला तर दीड महिना झाला. कारण लिहून, दोघांच्या सहीनं द्या. मात्र माफी द्यायची की नाही हे न्यायाधीश ठरवतात, हक्क म्हणून मागता येत नाही. उरलेला चेक कधी, मुलीला भेटायचे दिवस कोणते, हे संमतीच्या अटींत स्पष्ट लिहा. तिथं मोघम राहिलं की अर्ज अडतो.

आत्याबाईंचा कायदा १९७६ च्या आधीचा आहे. तेव्हा कलम १५ मध्ये एक वर्षाची अट खरंच होती, त्या साली काढली. आजही जुन्या लोकांच्या डोक्यात तीच बसली आहे. आता नियम एवढाच: अपील करता येत नसेल, किंवा मुदत अपिलाशिवाय संपली असेल, किंवा अपील फेटाळलं असेल, तर लग्न करता येतं. कुटुंब न्यायालयानं दोघांच्या संमतीनं दिलेल्या निकालावर अपीलच नाही. म्हणजे तुम्हाला निकालानंतर थांबायची गरज नाही.

वर्धा रोड:
भांडून झालेल्या घटस्फोटाला मात्र हे लागू नाही. माझ्या भावाच्या वेळी अपिलाची मुदत ३० दिवस की ९० दिवस यावर घोळ झाला होता. हिंदू विवाह कायद्यात २००३ पासून ९० आहेत, कुटुंब न्यायालय कायद्यात ३०. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं ९० धरायला सांगितलंय. आम्ही वर आणखी दोन आठवडे थांबलो.

आणि ताई, नवीन लग्न नोंदणी पद्धतीनं, विशेष विवाह कायद्याखाली करणार असाल तर ३० दिवसांची नोटीस धरा. तिथं निकालाची प्रमाणित प्रत मागतात, दोन प्रती काढून ठेवा. डिसेंबरात अधिवेशन असतं, सिव्हिल लाईन्सला गाडी लावायला जागा मिळत नाही, ऑटोनं जा.

खामलेकरीण:
सगळ्यांचे आभार. वकीलसाहेबांना २०१७ च्या निकालाचं नाव सांगितलं, आता माफीचा अर्ज तयार करतो म्हणाले. नवरा पण सही द्यायला तयार आहे. लग्न वैदिक पद्धतीनंच आहे, त्यामुळे नोटीस नको. निकाल हातात येईस्तोवर हॉलला आगाऊ पैसे देणार नाही, असं तिकडे कळवलं, त्यांनी ऐकलं.

आत्याला समजावायचं काम आईवर सोपवलंय.