अलर्ट दुसऱ्या डोसलाही हवा
सेप्सिसच्या (इन्फेक्शनमुळे अवयव निकामी होऊ लागलेल्या) पेशंटला पहिलं अँटिबायोटिक तासाभरात मिळावं म्हणून हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर सिस्टिममध्ये अलर्ट लावा, असं सुचवलं जातं. बरोबरच आहे. पण कॅज्युअल्टीत खरा निसटतो तो दुसरा डोस. पहिला ‘स्टॅट’ (म्हणजे लगेच द्यायचा) म्हणून एकदाच लिहितात; पुढची ऑर्डर वॉर्डात गेल्यावर. आयसीयूत बेड नसला की पेशंट तिथेच अडकतो आणि पुढचा डोस कोणाच्याच यादीत नसतो. सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन हे अँटिबायोटिक 24 तासांनी असेल तर निभावतं. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम 4.5 ग्रॅम दर 6 तासांनी लिहिलं असेल, तर दुपारी 2 नंतर रात्री 8 ला हवंच.

म्हणून स्टॅटसोबतच पुढचे डोस आपोआप पडावेत, आणि वेळ ऑर्डरची नव्हे, प्रत्यक्ष दिल्याची धरावी. अलर्ट अर्धा तास आधी, त्याच बेडच्या सिस्टरला. सगळ्यांना गेला की कोणीच बघत नाही. तोही फक्त 6 आणि 8 तासांच्या औषधांना. नाहीतर न वाचताच बंद करायची सवय लागते.

जत, आटपाडीहून मिरजेला पाठवलेल्या पेशंटला पहिला डोस बऱ्याचदा तिकडेच दिलेला असतो. चिठ्ठीवर औषध असतं, वेळ नसते. कृपा करून ‘दु. 1.40’ एवढं लिहाच. इकडे नोंदणीत त्यासाठी रकाना ठेवा, नाहीतर सिस्टिम पेशंट पोचल्यापासून तास मोजते.