कॉफीनं तुमचं काय केलं? अनुभव येऊ द्या

सुरुवात माझ्यापासून. जवळपास दोन वर्षं दर रविवारी दुपारी माझं डोकं ठणकायचं. चष्म्याचा नंबर तपासून झाला, उशी बदलून झाली, उन्हाला नावं ठेवून झाली. एकदा बायकोनं भाजी निवडता निवडता विचारलं, "रविवारी तुला ऑफिसची कॉफी नसते ना रे?" आणि ट्यूब पेटली. सोमवार ते शनिवार मशीनचे तीन कप, रविवारी शून्य. शनिवारचा शेवटचा कप दुपारी चारला, ठणका रविवारी दोनच्या सुमारास. कॅफीन तुटल्यावर १२ ते २४ तासांत डोकं धरतं म्हणतात, माझं बावीस तासांनी धरायचं.

कारण वाचलं ते असं. दिवसभर मेंदूत अडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं आणि आपल्याला पेंग आणतं. कॅफीन त्याच्या जागा आधीच बळकावून बसतं. रोजच असं झालं की मेंदू जागाच वाढवतो. मग एखाद्या दिवशी कॅफीन आलं नाही, की सगळं अडेनोसिन एकदम घुसतं, मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि डोकं ठणकतं. डीएसएम-५ या मानसोपचाराच्या निदान-पुस्तिकेत २०१३ पासून या त्रासाची रीतसर नोंद आहे. म्हणजे माझे नखरे नव्हते!

तर मंडळी, किती कप पिता यापेक्षा प्यायल्यावर (किंवा न प्यायल्यावर) काय होतं ते लिहा. धंद्यातलं कोणी असेल तर आतल्या गोष्टीही सांगा.

*

रात्री जेवणानंतर कॉफी पिऊन ढाराढूर झोपणारा माणूस म्हणून मी घरात मिरवायचो. डोळा लगेच लागायचा हे खरंच. पण पहाटे तीनला टक्क जाग यायची, ती मी वयाच्या खात्यावर टाकत होतो. शरीरातलं निम्मं कॅफीन जायला साधारण पाच तास लागतात हे कळल्यावर बोटांवर मोजलं. नऊचा कप, म्हणजे दोन वाजता त्यातलं अर्धं अजून आत. आता शेवटचा कप दुपारी एकला. मिरवणं बंद, झोप चालू.

*

माझं प्रकरण सिगारेटचं. एकोणीस वर्षांची सवय सोडली आणि आठवड्याभरात हात थरथरायला लागले. छातीत धडधड, रात्री कुशी बदलणं. सगळे म्हणाले, निकोटिन सुटतंय, सहन कर. मीही करत राहिलो. एकदा सही करताना पेन इतकं हललं की बँकेतल्या बाईंनी पाणी आणून दिलं.

शेवटी डॉक्टरांनी कॉफीबद्दल विचारलं. रोजचे पाच कप. धुरामुळे यकृतातलं एक एन्झाइम जोरात कामाला लागतं आणि कॅफीनचा निचरा जवळपास दुप्पट वेगानं होतो. सिगारेट सुटली, एन्झाइम मूळ गतीवर आलं, कप मात्र तेवढेच राहिले. पाचाचे दोन केले आणि चार दिवसांत हात थांबले. सिगारेट सोडणाऱ्या प्रत्येकाला हे कुणीतरी आधीच सांगायला हवं.

*

थायरॉइडवाल्यांनो, गोळी आणि कॉफी एकाच घोटात घेऊ नका. मी तेच करत होते. कॉफीमुळे गोळी नीट शोषली जात नाही. डोस दोनदा वाढला, टीएसएच (थायरॉइड कमी पडला की वाढणारं संप्रेरक) काही खाली येईना. आता गोळीनंतर तासभर थांबते. तो तास फार लांब असतो.

*

गरोदरपणात दिवसाला २०० मिलिग्रॅम कॅफीनची मर्यादा सांगतात. मला ती पाळावीच लागली नाही, वासानंच पोटात ढवळायचं. सातव्या महिन्यात हिंमत करून अर्धा कप घेतला आणि रात्रभर छताकडे बघत बसले. शेवटच्या तिमाहीत कॅफीन निम्मं व्हायला पंधरा तासही लागू शकतात.

*

धंद्यातला माणूस हजर आहे.

लोकांना वाटतं, कॉफीचं दुकान म्हणजे सुगंध आणि गप्पा. माझी सकाळ काटा आणि घड्याळ घेऊन सुरू होते. १८ ग्रॅम पूड, त्यातून ३६ ग्रॅम कॉफी, २५ ते ३० सेकंदांत उतरली पाहिजे. परवा नवी पिशवी फोडली, पहिला शॉट चौदा सेकंदांत घळाघळा खाली. आंबट, पाणचट. ग्राइंडर एक घर बारीक केला, एकोणीस सेकंद. आणखी बारीक केला तर थेंब थेंब गळायला लागली, कडू जहर. सहा शॉट बेसिनमध्ये गेले तेव्हा सातवा जमला. बाहेर पहिलं गिऱ्हाईक घड्याळ बघत उभं.

भाजण्यातली घट वेगळीच. दहा किलो कच्च्या बिया भट्टीत घातल्या की साडेआठ किलोच्या आसपास हातात येतात. बाकीची वाफ होते आणि तिचेही पैसे मीच भरलेले असतात.

आणि भाव! जुलै १९७५ मध्ये ब्राझीलमध्ये जबर हिमकडाका पडला, पारानातल्या बागाच्या बागा करपल्या. नवं झाड फळायला तीन-चार वर्षं घेतं, त्यामुळे १९७७ मध्ये भाव गगनाला भिडले. अरेबिका या कॉफीच्या जातीचा तो विक्रम डिसेंबर २०२४ मध्ये मोडला. तेव्हा मी दर थोडे वाढवले, तर एक गृहस्थ म्हणाले, "गरम पाण्याचे एवढे?" खरं सांगू का, कपातल्या बियांपेक्षा दूध, भाडं, पगार आणि खुर्ची महाग पडते. एका कपावर चार तास लॅपटॉप उघडून बसणाऱ्याला मी कॉफी नाही, जागा विकतो. तीही तोट्यात.

*

तो लॅपटॉपवाला मीच, म्हणजे माझ्यासारखाच कुणीतरी. यापुढे दर दीड तासाला काहीतरी मागवीन. कॅफीन नसलेलं चालेल ना?

*

फ्रेंच प्रेसची (जाळी दाबून, कागदाशिवाय कॉफी काढायचं भांडं) हौस होती, दिवसाला चार मग. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढलं. न गाळलेल्या कॉफीत कॅफेस्टॉल नावाचा तेलकट घटक असतो, तो कोलेस्टेरॉल वाढवतो. कागदी फिल्टरमध्ये तो बराचसा अडकतो. फिल्टरवर आलो, पुढच्या तपासणीत आकडा उतरला. संध्याकाळचं चालणंही त्याच सुमारास सुरू केलेलं, म्हणून सगळं श्रेय कागदाला देत नाही.

*

रात्रपाळीवाल्यांसाठी एक युक्ती. कॉफी घटाघट प्या आणि लगेच पंधरा-वीस मिनिटं आडवे व्हा. कॅफीन अंगात भिनायला तेवढा वेळ लागतोच. उठता तेव्हा डुलकी आणि कॉफी दोन्ही लागू पडलेली असतात. गजर मात्र लावा. मी एकदा लावला नव्हता.

*

बायकोची कॉफी कमी व्हावी म्हणून मी गुपचूप डब्यात डीकॅफ, म्हणजे कॅफीन काढलेली कॉफी, भरली. रंग तोच, वास बराचसा तोच. पहिला दिवस निभावला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती कपाळाला बाम चोळत आली, डबा उघडला, हुंगला आणि माझ्याकडे बघितलं. गेला आठवडाभर माझा कप मीच करून घेतोय.