‘जोडायला थांबा’ : इंग्रजीत टु की आयएनजी?

(सोलापुरातील काही जणांचा हा संवाद; प्रत्येकाच्या नावाऐवजी त्याच्या भागाचे नाव दिले आहे.)

जुळे सोलापूर :
टॉवेलच्या एका कारखान्यातील सूचनांचे इंग्रजी भाषांतर सध्या तपासत आहे. ‘ताण्याचा (उभा) धागा तुटल्यास तो जोडायला थांबा’ या सूचनेचे भाषांतर ‘स्टॉप जॉइनिंग द थ्रेड’ असे केले गेले आहे, म्हणजे कामगाराने धागा जोडणेच बंद करावे. येथे ‘स्टॉप टु जॉइन’ हवे, एवढे स्पष्ट आहे. परंतु भाषांतर करणाऱ्या मुलाला, क्रियापदांच्या याद्या पाठ करायला न लावता, हा फरक कसा समजावून द्यावा?

सात रस्ता :
इंग्रजीतील हा ‘टु’ मुळात दिशा दाखवणारे शब्दयोगी अव्यय आहे, हे त्याला आधी सांगावे. त्यामुळे ‘टु’चे रूप बहुधा पुढे करायच्या कामाकडे पाहते, तर आयएनजीचे रूप घडलेल्या किंवा चालू असलेल्या कामाकडे. ‘रिमेंबर टु लॉक’ म्हणजे कुलूप लावायची आठवण ठेव आणि ‘रिमेंबर लॉकिंग’ म्हणजे कुलूप लावल्याचे आठवणे. आपण मराठीत ‘लावायची’ आणि ‘लावल्याचे’ यांत कधी गल्लत करत नाही. मात्र ही खूण सगळीकडे लागू पडत नाही. ‘अव्हॉइड’ आणि ‘सजेस्ट’ पुढच्याच कामाविषयी बोलतात, तरी त्यांच्यानंतर आयएनजी लागते, आणि ‘लूक फॉरवर्ड टु’मधला टु शब्दयोगीच राहिल्यामुळे त्याच्यापुढे ‘मीटिंग’ येते, ‘मीट’ नव्हे. तेव्हा थोडी यादी पाठ करावीच लागेल.

साखर पेठ :
आमच्या घरी तेलुगू बोलतात. तेलुगूत ‘चेयडम्’ म्हणजे करणे आणि ‘चेयडानिकि’ म्हणजे करायला. शेवटचा ‘कि’ हा आपला ‘ला’च. मी मुलांना एक कसोटी देते : ‘जोडायला’मधल्या ‘आयला’च्या जागी ‘ण्यासाठी’ घालून वाक्य जुळले, तर इंग्रजीत टु लावा. ‘जोडण्यासाठी थांबा’ जुळते, म्हणून टु. ‘मला पोहण्यासाठी आवडते’ जुळत नाही, आणि तेथे इंग्रजीत दोन्ही रूपे चालतात. पण ‘त्याने यायला नकार दिला’ येथे ‘साठी’ नीट बसत नाही, तरी ‘रिफ्यूज’नंतर टुच हवा. म्हणजे कसोटी जुळली तर विश्वास ठेवावा, न जुळल्यास कोश उघडावा.

विजापूर रोड :
आपण सारे टु आणि आयएनजी म्हणत आहात, याचे मला वाईट वाटते. संस्कृत शिकताना ‘तुमन्त’ (‘कर्तुम्’ म्हणजे करायला, असे रूप) आणि मराठी शिकताना ‘धातुसाधित नाम’ (‘करणे’सारखे) शाळेतच भेटतात. तीच नावे वापरली, तर मुलांना तिन्ही भाषा शेजारी ठेवून पाहता येतील. शिवाय आपल्याकडची मुले ‘मी जेवायलोय’ म्हणतात, तेव्हा ‘आयला’चा अर्थ आधीच बिघडलेला असतो. हे रूप वर्गात तरी सुधारले पाहिजे.

बाळीवेस :
‘जेवायलोय’ बिघडलेले नाही. पुण्यात मी फोनवर असे म्हटल्यावर समोरच्याने ‘कोणाकडे जेवायला निघालात?’ असे विचारले होते, आणि माझे ताट समोर वाढलेले होते. सोलापुरात हा प्रश्न कोणी विचारणार नाही, कारण येथे त्याचा अर्थ ‘जेवत आहे’ एवढाच होतो. माझ्या मते हे ‘जेवायला लागलो आहे’ याचे आखडलेले रूप असावे. विजापूरकडच्या कानडीत ‘मी करतोय’ याला ‘माडाकत्तीनि’ म्हणतात; त्यात ‘माडाक’ म्हणजे करायला आणि ‘हत्तु’ म्हणजे लागणे. रचना तंतोतंत तीच आहे. ज्या गावात कानडी, तेलुगू आणि मराठी एकाच गल्लीत नांदतात, तेथे चालू काम ‘करायला’मधूनच सांगितले जाते, आणि ते रूप खोडून मुलांना इंग्रजी शिकवणे मला मान्य नाही.

विजापूर रोड :
खोडावे असे मी म्हटले नाही. लिहिताना ‘जेवत आहे’ लिहावे, एवढेच म्हणायचे होते. आणि कानडीचा प्रभाव म्हणावा, तर नांदेड-परभणीकडेही ‘करायलाय’ ऐकू येते. परभणीची हद्द कर्नाटकाला लागत नाही.

साखर पेठ :
बोलीचे रूप हद्द पाहून थांबत नाही. परंतु ‘लागलो’मधला ‘ग’ कोठे गेला, हे बाळीवेसकरांनी सांगावे. ‘जेवायला आहे’ एवढ्यावरूनही हे रूप सरळ निघते.