म्हणायला लोकल पार्टनर, पण बजेट सगळं त्यांनीच ठरवलेलं. सही करावी का?

आमची छोटी संस्था, बारा वर्षं पाणी आणि आरोग्यावर काम करतोय. एका मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने प्रपोजल पाठवलंय, तुम्ही आमचे लोकल पार्टनर म्हणून, आणि डेडलाईनला चार दिवस. वस्त्या कुठल्या, ट्रेनिंग किती, सगळं आधीच ठरलेलं. आमच्या वाट्याला फिल्डवरच्या लोकांचे पगार आणि प्रवास, बाकी अकाउंटंट, ऑफिसभाडं, ऑडिट यांच्यासमोर चक्क शून्य. सही नाही केली तर सहा जणांचे पगार कुठून काढू, केली तर पुन्हा तेच रडगाणं. असं बजेट कुणी बदलून घेतलंय का?

उत्तर १
घेतलंय. पण जे काय बोलायचं ते सहीच्या आधी, नंतर कुणी ऐकत नाही. मूळ पैसा कुणाचा ते आधी विचारा. अमेरिकन सरकारच्या ग्रँटमध्ये ओव्हरहेडचा (म्हणजे अकाउंटंट, भाडं, ऑडिट असा संस्था चालवायचा खर्च) ठरलेला रेट नसला तरी सरसकट १५ टक्क्यांपर्यंत मागता येतो (ऑक्टोबर २०२४ आधी १० होता) आणि हे सब-ग्रँट घेणाऱ्याला, म्हणजे मोठ्या संस्थेमार्फत पैसे मिळणाऱ्यालाही लागू आहे. आम्हाला हे माहीतच नव्हतं, दोन वर्षं ऑडिटचे पैसे पदरचे घातले.

उत्तर २
मी नऊ वर्षं त्या बाजूला, अशाच एका आंतरराष्ट्रीय संस्थेत होते. तुम्हाला आलेलं बजेट बहुतेक जुन्या प्रोजेक्टच्या एक्सेलमध्ये नावं बदलून केलेलं असणार, आम्ही तेच करायचो आणि त्याची मला आजही लाज वाटते. २०१६ ला इस्तंबूलमध्ये ग्रँड बार्गेन (देणगीदार आणि मोठ्या मदतसंस्थांमधला करार) झालं, २०२० पर्यंत मानवतावादी मदतीचा किमान २५ टक्के निधी शक्य तितका थेट स्थानिक संस्थांना द्यायचं ठरलं, ते काही झालं नाही. पण समोरची संस्था त्यात सही करणारी असेल तर तेवढं लिहून मेल टाका, मेलला उत्तर द्यावंच लागतं, फोनवर नुसतं हो हो करतात.

उत्तर ३
ओव्हरहेड मिळेल हो, पण करारातला नामंजूर खर्चाचा क्लॉज वाचलात का? आमच्याकडे पुरात बिलं वाहून गेली, डोनरने खर्च नाकारला आणि सगळी वसुली आमच्याकडून, मधल्या मोठ्या संस्थेने एक पैसा सोसला नाही. जोखीम निम्मी-निम्मी लिहून घ्या, आणि वस्त्या बदलायचा अधिकार तुमच्याकडे ठेवा, तिथे रोज जाणारे तुम्ही आहात.

मूळ प्रश्नकर्ता
तो क्लॉज आहे, पान १४ वर, मी वाचलाच नव्हता. आज रात्री तिन्ही मुद्दे घालून मेल करतोय, उत्तर येईपर्यंत सही नाही.