मदत हवी आहे: तारे धडकले १७ ऑगस्टला, मग रेडिओ लहरी सप्टेंबरात कशा?

नमस्कार मंडळी. मी नारायणगावजवळच्या एका शाळेत नववीला विज्ञान शिकवते. खोडदची जीएमआरटी जवळच, त्यामुळे इथल्या पोरांना रेडिओ दुर्बीण म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. अडचण तिथेच झाली.

परवा २०१७ची न्यूट्रॉन ताऱ्यांची (म्हणजे मेलेल्या ताऱ्यांच्या अतिघन गाभ्यांची) टक्कर सांगत होते. आपल्या घड्याळात संध्याकाळी ६:११ला गुरुत्वीय लहरी (अवकाशातच उठणारे तरंग) आल्या, १.७ सेकंदांनी गॅमा किरण, ११ तासांनी चिलीतल्या १ मीटरच्या दुर्बिणीला एनजीसी ४९९३ दीर्घिकेत नवा ठिपका दिसला, ९ दिवसांनी क्ष-किरण आणि १६ दिवसांनी रेडिओ. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, रेडिओ लहरींचा वेग प्रकाशाइतकाच ना? मग १३ कोटी वर्षं बरोबर चालून शेवटी १६ दिवस मागे कशा पडल्या?"

घाईत मी गुरुत्वीय भिंगावर, म्हणजे वाटेतल्या जड वस्तूच्या गुरुत्वाकर्षणाने प्रकाशाची वाट वाकण्यावर, ढकललं. रेफ्सडाल नावाच्या अतिनवताऱ्याच्या (ताऱ्याच्या स्फोटाच्या) चार प्रतिमा हबलला नोव्हेंबर २०१४मध्ये दिसल्या आणि पुढची डिसेंबर २०१५मध्ये उगवली, तसंच काहीतरी, असं म्हणाले. पोरगी गप्प बसली, पण पटलं नव्हतं. आता मलाही पटत नाहीये. सोमवारी तिला काय सांगू?

मृगाचा पाऊस:
भिंगाचं उत्तर मागे घ्या, मॅडम. भिंग रंग बघत नाही. वाट वाकली तर गॅमा, दृश्य, रेडिओ सगळ्यांचीच सारखी वाकते. रेफ्सडालमध्ये वाटाच वेगवेगळ्या होत्या. मधल्या दीर्घिकासमूहाला वळसे घालून येताना कुठे अंतर जास्त, कुठे गुरुत्वाकर्षणामुळे उशीर. म्हणून एकच स्फोट वेगवेगळ्या तारखांना दिसला. इथे ठिपका एकच होता.

चहाबाज:
मधल्या इलेक्ट्रॉनांमुळे रेडिओ लहरी मागे पडतात ना? पल्सारच्या, म्हणजे ठरावीक ठोक्याने रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या ताऱ्यांच्या, बाबतीत तसंच शिकलोय.

मृगाचा पाऊस:
पडतात, पण इथे पहिली नोंद ३ गिगाहर्ट्झच्या आसपासची. तिथे तो उशीर सेकंदभरही भरत नाही. १६ दिवस कुठून आणणार?

खगोलवेडा_सातारा:
रेडिओ लहरी वाटेत रेंगाळल्याच नाहीत, त्या निघाल्याच उशिरा! टक्करीनंतर जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने एक अरुंद झोत सुटला. तो भोवतालच्या विरळ वायूवर आदळला की तिथले इलेक्ट्रॉन क्ष-किरण आणि रेडिओ लहरी सोडतात. झोत इतका वेगवान असतो की ही चमक पुढच्या दिशेलाच एकवटते, आणि आपण त्याच्या रेषेपासून साधारण २० अंश बाजूला. वेग मंदावत गेला तशी चमक पसरली, तेव्हा कुठे आपल्यापर्यंत तिची कड पोहोचली. म्हणून ती विझण्याऐवजी पाचेक महिने वाढत गेली, मग उतरली. वर्गात घाटातल्या गाडीची उपमा द्या: गाडी समोर असते, पण दिव्याचा झोत दुसरीकडे असतो तोवर डोळे दिपत नाहीत. उपमा लंगडी आहे, गाडीचा झोत काही रुंदावत नाही.

आणि ते ११ तास यादीतून वेगळे काढा. ती किलोनोव्हाची चमक, म्हणजे फेकल्या गेलेल्या द्रव्यात नुकत्याच बनलेल्या जड, किरणोत्सारी मूलद्रव्यांची ऊब. ती सगळ्या दिशांना जाते. चिलीत तेव्हा सकाळ होती, सूर्य मावळायची वाट बघावी लागली, इतकंच. दुर्बीणवाल्यांना शोधायची जागाही मोठी होती, सुमारे २८ चौरस अंश.

धागाकर्ती:
अगदी मोकळं वाटलं! म्हणजे एका यादीत मी तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या होत्या. सोमवारी आधी चूक कबूल करते, मग हे सांगते. एकच विचारू? जीएमआरटीने हे पाहिलं का? तो प्रश्न येणारच.

खगोलवेडा_सातारा:
हो, १३९० मेगाहर्ट्झवर टिपलं, पण बऱ्याच आठवड्यांनी. सुरुवातीला तिथेही काही सापडलं नव्हतं.

चहाबाज:
मग तिला विचारा, झोताची कड आपल्याकडे यायच्या आधी खोडदला काय दिसलं असतं. प्रश्न तिचा, उत्तरही तीच काढेल.