डॉकर बिल्ड करताना होस्टवरचा फोल्डर कसा जोडायचा?

रत्नागिरीकर
डॉकरमध्ये पायथनची इमेज (प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेला साचा, त्यावरून कंटेनर चालतो) बनवायची आहे. लागणारी सगळी व्हील (आधीच बांधून तयार) पॅकेजेस, साधारण ४ जीबी, ऑफिसच्या मशीनवर, म्हणजे होस्टवर, /एसआरव्ही/व्हील्स मध्ये आधीच उतरवून ठेवली आहेत, कारण पावसाळ्यात आमच्याकडे नेटचा भरवसा नाही. 'डॉकर रन'ला होस्टचा फोल्डर जोडणारा -व्ही चालतो, 'डॉकर बिल्ड' मात्र असा फ्लॅगच नाही म्हणतो. कॉपी करून शेवटी आरएम -आरएफ केलं, तरी इमेज फुगलेलीच. डॉकरफाइलमध्ये (इमेज कशी बनवायची त्या सूचनांची फाइल) व्हॉल्यूम लिहिलं तर फोल्डर रिकामा. डॉकर इंजिन २४, उबुंटू. (कमांड देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलवर रोमन लिपीतच टाका.)

मालवणी_टर्मिनल
-व्ही मुद्दाम दिलेला नाही. बिल्ड चालवतो डिमन (मागे सतत चालणारा डॉकरचा प्रोग्राम), आणि तो दुसऱ्याच मशीनवर असू शकतो. तिथे तुमचा /एसआरव्ही कुठून येणार? शिवाय डॉकरफाइल कुणीही, कुठेही बिल्ड केली तरी चालली पाहिजे.

कॉपीचं असं की प्रत्येक कॉपी आणि रन हा वेगळा थर. खालच्या थरातली फाइल वरच्या थरात पुसली तर ती फक्त झाकली जाते, वजन तसंच राहतं. आणि व्हॉल्यूम ही सूचना होस्टशी काही जोडतच नाही. कंटेनर सुरू होताना त्या जागी व्हॉल्यूम हवा, एवढंच ती नोंदवते.

तुम्हाला हवंय ते बिल्डकिटमध्ये (डॉकरचा नवा बिल्ड करणारा भाग) आहे, आणि इंजिन २३ पासून लिनक्सवर बिल्डकिटच डीफॉल्ट आहे:

डॉकर बिल्डएक्स बिल्ड --बिल्ड-कॉन्टेक्स्ट व्हील्स=/एसआरव्ही/व्हील्स -टी ॲप .

डॉकरफाइलमध्ये:

रन --माउंट=टाइप=बाइंड,फ्रॉम=व्हील्स,टार्गेट=/व्हील्स पिप इन्स्टॉल --नो-इंडेक्स --फाइंड-लिंक्स=/व्हील्स -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी

माउंट, म्हणजे जोडलेला फोल्डर, त्या एका रनपुरताच. थरात फक्त इन्स्टॉल झालेलं उतरतं, ४ जीबी नाही. 'फ्रॉम' न देता सोर्स=/एसआरव्ही/व्हील्स लिहिलंत तर चालणार नाही; तो मार्ग कॉन्टेक्स्टच्या (बिल्डला दिलेला फोल्डर, वरच्या कमांडमधलं शेवटचं टिंब) आतला धरला जातो, होस्टचा नाही. इथेच बहुतेकांचं गाडं अडतं.

पहिल्या वेळी सगळा फोल्डर बिल्डरकडे जातो, म्हणजे डिस्कवर तेवढी जागा आणखी लागते. पुढच्या वेळी फक्त बदललेल्या फाइली. पण बिल्डर प्रून मारलंत की पुन्हा पहिल्यापासून.

माउंट डीफॉल्टने फक्त वाचण्यापुरता असतो. स्वतःचा सोर्स बाइंड करून तिथूनच पिप इन्स्टॉल केलं तर पिप त्याच फोल्डरात लिहायला जातो आणि अडकतो. तेव्हा शेवटी ,आरडब्ल्यू जोडा. लिहिलेलं बिल्डनंतर टाकून दिलं जातं. होस्टवर काही परत येईल ही आशा नको.

दापोलीचा_पॉडमन
पॉडमनला (डॉकरसारखंच दुसरं साधन) विचारलंत तर उत्तर 'व्हय म्हाराजा'! पॉडमन बिल्ड -व्ही /एसआरव्ही/व्हील्स:/व्हील्स:आरओ सरळ चालतं. फेडोरासारख्या एसईलिनक्सवाल्या (फाइलींवर सुरक्षेची लेबलं लावणारी यंत्रणा) मशीनवर शेवटी ,झेड हवा, नाहीतर परमिशन डिनाइड. लहान झेड म्हणजे लेबल इतरांबरोबर वाटून, कॅपिटल झेड म्हणजे त्या एका कंटेनरपुरतं. कॅपिटल झेड /होम वर लावू नका, लेबलं बदलून बसतील.

एक खोट आहे. व्हील्समधली फाइल बदलली तरी पॉडमनच्या कॅशला (आधी बनवलेल्या थरांचा साठा) त्याचा पत्ता नसतो, जुनाच थर वापरला जातो. अशा वेळी --नो-कॅश. बिल्डकिट बाइंडमधल्या फाइलींचा चेकसम (मजकुरावरून काढलेला आकडा) धरतं, म्हणून तिथे ही भानगड नाही.

रत्नागिरीकर
झालं, धन्यवाद! आता नोडच्या प्रोजेक्टमध्ये टाइप=कॅश,टार्गेट=/होम/नोड/.एनपीएम (पुढच्या बिल्डलाही टिकणारा माउंट) लावलं, तर एनपीएम, म्हणजे नोडचा पॅकेज मॅनेजर, म्हणतं कॅश फोल्डरात रूटच्या मालकीच्या फाइली आहेत.

मालवणी_टर्मिनल
कॅश माउंटचा मालक डीफॉल्टने रूट. तुम्ही डॉकरफाइलमध्ये रूटऐवजी यूझर नोड केला असणार. ,यूआयडी=१०००,जीआयडी=१००० (त्या यूझरचा आणि गटाचा क्रमांक) जोडा (आकडे इंग्रजीत). आणि नोड_मॉड्यूल्स ला कॅश माउंट करू नका, बिल्ड बिनबोभाट होईल आणि इमेजमध्ये मॉड्यूल्स नसतील.

नेट नसताना बिल्ड करणार असाल तर डॉकरफाइलच्या डोक्यावरची सिंटॅक्स=डॉकर/डॉकरफाइल:१ ही ओळ काढा. तिच्यामुळे बिल्डकिट फ्रंटएंड (डॉकरफाइल वाचणारा भाग) आणायला डॉकर हबकडे (इमेजचं ऑनलाइन भांडार, म्हणजे रजिस्ट्री) धावतं. इंजिन २४ मधल्या अंगभूत फ्रंटएंडला हे माउंट कळतात. बेस इमेज आधी पुल करून ठेवा, --पुल देऊ नका, आणि डॉकर-कंटेनर ड्रायव्हरचा (स्वतःच वेगळ्या कंटेनरात चालणारा) बिल्डर वापरू नका. त्याला तुमच्या मशीनवरच्या इमेज दिसतच नाहीत, तो रजिस्ट्रीलाच विचारत बसेल.